खोकल्याला ओ देणारं पाखरू

तिला सगळी वस्ती मुकी मावशी म्हणायची. परक्या माणसाला वाटे, बिचारीची वाचा गेली असावी. तिच्या घरी जाऊन कुणी तसं म्हटलं, की तिची थोरली नणंद चटईचा बोरू हातातून खाली ठेवून हसायची. "आमची वहिनी मुकी? अहो, हिची जीभ काढून फडताळात ठेवली ना, तर ती फडताळातूनसुद्धा बोलेल."

नाव पडलं होतं ते तिच्या कामावरून. दलदलीच्या कडेला संस्थेचं पक्षी केंद्र होतं आणि तिथं ती करकोच्यांची पिल्लं वाढवायची. सोडून दिलेली, थंड पडू लागलेली अंडी दलदलीतून आणायची, यंत्राच्या उबेत ठेवायची, आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना उडण्याजोगी करून रानातल्या थव्यात सोडायची, असं ते काम. त्यातली खरी गोम एकच होती. करकोच्याचं पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला पाहतं त्याला आई मानतं. माणसाला पाहिलं तर माणसाला. आणि माणसाला आई मानणारं पाखरू त्या भुकेल्या देशात किती दिवस जगणार?

म्हणून पिल्लाच्या कुंपणात जाताना मावशी डोक्यापासून पायापर्यंत एक राखाडी, पोत्यासारखा झगा घालायची. डोळ्यांसमोर जाळी. उजव्या हातात लाकडाचं कोरलेलं करकोच्याचं डोकं, मनगटापर्यंत चढवलेलं. त्याच चोचीनं दाणे उचलून दाखवायचे, त्याच चोचीनं चिखल उकरून किडा कुठं असतो ते शिकवायचं. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, गुणगुणायचं नाही. केंद्राच्या दारावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

दिवसभर गिळलेले शब्द मग ती संध्याकाळी घरी आणून ओतायची. नणंद चटई विणत ऐकायची आणि मधूनमधून टोला हाणायची.

"वन्सं, आज ढांगीनं बेडूक धरला. आपला आपण. मी दाखवलासुद्धा नव्हता."

"ढांगी कोण आता?"

"अहो, आमचं पिल्लू. पाय बघाल तर नुसत्या काठ्या. तिथं नाव ठेवायला मनाई आहे, म्हणून घरी ठेवलं."

"सख्ख्या लेकीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा एवढी नाचली नव्हतीस. पोरीची पायताणं कुठं ठेवलीस म्हणून ओरडत होतीस."

मावशीच्या लहानपणी करकोचे इतके यायचे, की तिचे वडील म्हणायचे, आभाळाला झाकण बसलं. थवा उतरताना ओरडायचा तेव्हा घरातल्या घरात मोठ्यानं बोलावं लागे. मग सरकारनं दलदल आटवून शेतं करायची ठरवली. चर खणले, पाणी गेलं, जमिनीवर मीठ फुटलं. शेतं पिकली नाहीत आणि दलदलही राहिली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्यानंतरच्या वर्षांत लोकांनी करकोचे मारून खाल्ले. कुणी कुणाला बोल लावावा? घरात पोरं रडत होती.

मग संस्था आली. ती काढणाऱ्या बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही माणसांकडे तशाच बघायच्या, गृहपाठ राहिलाय का म्हणून. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसं उपाशी राहिली तर पाखरं पातेल्यात जाणार, तेव्हा दोघांचं मिळून बघायला हवं. त्यांनी चर बुजवून पाणी परत आणवलं. बोरू, चटयांना लागणारं ते दलदलीतलं लांब गवत, पुन्हा वाढला. बायकांना चटया विणायचे माग दिले. घराघरांत धुराड्याच्या चुली बसवल्या. काही वर्षं बरी गेली. आता मागं वळून बघताना वाटतं, तेवढीच बरी होती.

पुढं देशाचीच घडी विस्कटली. गॅस येईना, डिझेल मिळेना, दवाखान्यातल्या मांडण्या रिकाम्या. धडधाकट माणसं गाठोडं बांधून परदेशी निघाली. मावशीची लेक परिचारिका होती, तीही गेली. बायका पुन्हा ओला बोरू जाळू लागल्या. धुराड्यांचे पत्रे खाऱ्या हवेनं खाऊन टाकले आणि नवे बसवायला पत्राच मिळेना. परदेशच्या देणगीदारांनी कळवलं, यापुढं मदत फक्त पक्ष्यांसाठी. मोठ्या बाई कडू हसल्या होत्या. "बरोबरच आहे. करकोच्याचा फोटो भिंतीवर छान दिसतो. धुराड्याचा कोण लावणार?"

तेव्हापासून अख्खी वस्ती खोकू लागली. पहाटे चुली पेटल्या की घराघरातून खोकल्याचे आवाज यायचे, कोंबडे आरवावेत तसे, एकाचं ऐकून दुसरा. मावशीचा खोकला कोरडा, दुहेरी, कुणी दार ठोठावल्यासारखा. सकाळी दाण्यांचं भांडं घेऊन ती कुंपणात शिरायची तेव्हा दाण्यांच्या भुशानं हटकून यायचा. ती तोंड दाबून घ्यायची, पण खोकला काही बोलणं नव्हे, गाणं नव्हे. दारावरच्या नियमांत तो नव्हता. त्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही.

ढांगी जन्मली त्या वर्षी जनित्राचं डिझेल संपलं आणि यंत्रातली अंडी थंड पडली. मावशीनं आपल्या अंगाशी धरून ऊब दिलेल्या अंड्यांतलं एकच फुटलं. बाकीचे मदतनीस केव्हाच देश सोडून गेलेले. त्यामुळं ढांगीच्या जगात एक राखाडी झगा होता, एक लाकडी चोच होती, आणि दुसरं कुणीच नव्हतं.

ढांगी मोठी झाली. पंख भरले. एका सकाळी कुंपणाचं फाटक उघडून ठेवलं आणि ती दलदलीत उतरलेल्या थव्याकडे चालत गेली. केंद्राचे जनावरांचे डॉक्टर, तारेनं बांधलेला चष्मा सावरत, दुर्बिणीतून बघत होते. "मिसळली," ते हळूच म्हणाले. मावशी झग्यातल्या झग्यात रडली. झग्याचा तेवढा एक फायदा होता.

थवा निघायचे दिवस जवळ आले होते. हवा कोरडी झाली की करकोचे उडून दूरच्या उबदार पाण्यावर जात.

अशातच एका सकाळी कोळी केंद्रावर आला. दलदलीत जाळी टाकणारा, पिळदार, तोंडाळ माणूस. त्याच्या काखेत जुन्या कोटात गुंडाळलेली ढांगी होती. सोडताना पायात घातलेल्या निळ्या कड्यावरून डॉक्टरांनी लगेच ओळखली.

"घ्या, तुमची माहेरवाशीण आलीय," कोळी म्हणाला.

"जाळ्यात सापडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं जाळं! मी होडीत बसून खोकत होतो. ही थवा सोडून तुरुतुरु चालत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. घरी नेली. खोटं कशाला बोलू, बायकोनं आधण ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय! सुरी काढली तर ही माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी पुन्हा खोकलो, तर मान लांब करून जवळच सरकली. असं जनावर कापायचं कसं, सांगा. बायको म्हणाली, तुम्हाला होत नाही तर मी कापते. म्हणून घेऊन पळत आलो."

डॉक्टरांना पटेना. "खोकल्यानं कशी येईल? तुमच्याजवळ मासे असतील, त्यांना भुलली असेल."

तेवढ्यात मागच्या अंगणाच्या दारात मावशी पोहोचली. हातात झाडलोटीची बादली, तोंडात नेहमीचा खोकला. ठक्‌ ठक्‌. आणि कोटात गुंडाळलेल्या पाखरानं मान ताठ केली आणि आनंदानं ओ दिली. बारीक, थरथरती कुर्र. पिल्लानं आईला द्यावी तशी.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ असताना.

"आपण तोंड झाकलं," ते म्हणाले. "हात झाकले. शब्द झाकले. एवढं राहिलं, मावशी. माझ्याही ध्यानात आलं नाही."

मावशी दारातच खाली बसली. वस्तीत न खोकणारं माणूस शोधून सापडलं नसतं. ढांगीला अख्ख्या वस्तीभर आया होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी आधण तयार होतं.

"आता?" तिनं विचारलं.

मोठ्या बाई मधल्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनीच उत्तर दिलं. "ठेवून घेतली तर जन्मभर कुंपणात. आणि हिवाळ्यानंतर हे केंद्र राहील की नाही, मला सांगता येत नाही."

"मी ठेवीन. घरी."

"खायला काय घालशील? आणि तू नसलीस की?"

"दुसरा एकच मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. थवा उडायच्या आत तिला भीती शिकवायची. खोकला म्हणजे आई नव्हे, खोकला म्हणजे घात, असं तिच्या मनात बसवायचं. "आणि मावशी, ते तुमच्यापासूनच सुरू व्हायला हवं. झग्याशिवाय, उघड्या तोंडानं. दुसऱ्यांनी हाकललं तर ती तुमच्याकडेच धाव घेईल."

मावशी उठली. "मला नाही जमायचं. ज्या हातानं भरवलं, त्या हातानं मारू?" ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

घरी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. हातातला बोरू सोलून संपवला. मग म्हणाली, "लेकीला स्टँडवर सोडायला गेलो होतो, आठवतं? गाडी सुटायच्या वेळी पोरगी पायरीवरून खाली उतरली. तू काय केलंस?"

"काय केलं?"

"खेकसलीस तिच्यावर. 'इथं काय ठेवलंय तुझं? चढ वर, नाहीतर थोबाड फोडीन.' सगळी गाडी बघत होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"ती तशीच खाली थांबली असती तर चढली नसती पुन्हा."

"मग मी तरी दुसरं काय सांगतेय," नणंद म्हणाली आणि पुन्हा बोरूला लागली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आणि डॉक्टर वस्तीत आले. चटया विणणाऱ्या बायका विहिरीपाशी होत्या. काय हवंय ते डॉक्टरांनी सांगितलं. पाखरू दलदलीच्या काठावर सोडायचं, लोकांनी आडोशाला थांबायचं आणि मावशीनंतर सगळ्यांनी खोकत, डबे बडवत बाहेर पडायचं.

त्यांच्यात सगळ्यांत जाड भिंगांचा चष्मा लावणारी, मागावरची पुढारीण, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे बघा हं, बाई. धुराडी द्यायला संस्थेला जमलं नाही. आणि आता झालेला खोकला पाखरासाठी उसना मागायला आलात."

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तसंच आहे."

त्यांनी सबब सांगितली नाही की मान खाली घातली नाही. पुढारीण थोडी गोंधळली. भांडायला समोर कुणी नसलं की माणूस गोंधळतोच.

"आमच्या पोरांच्या छातीची घरघर मोजायला नाही कुणी दुर्बीण लावून बसत," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

मागून एक म्हातारी बोलली. "जाऊ या गं. करकोचे उडाले की बोरूला विळा लावायचा, हे माझ्या आजीपासून चालत आलंय. उद्या पाखरंच नसली तर कापणी कधी धरायची हे कोण सांगणार? जो तो कोवळाच कापत सुटेल आणि डोकी फुटतील ती निराळीच."

"आणि खोकायचंच आहे ना?" डॉक्टरांबरोबर आलेला कोळी म्हणाला. "ते काय कुणाला शिकवावं लागणार आहे?"

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याचाच खोकला झाला.

उजाडल्यावर सगळे बोरूच्या आडोशाला जमले. पलीकडे उथळ पाण्यात थवा उभा होता, धुक्यात उमटलेल्या राखाडी रेघांसारखा. डॉक्टरांनी ढांगीला खोक्यातून सोडलं आणि ते मागं सरले. ती पंख झटकून गवतात इकडंतिकडं बघू लागली. झगा दिसतो का, ते शोधत असावी.

मावशी पुढं झाली. अंगात घरचे कपडे, डोक्याला रुमाल, हातात खराटा. इतके महिने तिनं त्या पाखराला जाळीतून पाहिलं होतं. जाळीशिवाय ते फार लहान दिसलं. तिला खोकला आणावा लागला नाही. तो आलाच. ठक्‌ ठक्‌.

ढांगी वळली. समोरची बाई अनोळखी होती, पण आवाज ओळखीचा. पंख अर्धे उघडून, लांब पाय टाकत ती धावत आली आणि मान पुढं करून उभी राहिली. दाणे कुठायत?

मावशीनं खराटा मारला.

पाखरू कोलमडलं, उठलं. पळालं नाही. चुकून लागलं असावं असं समजून पुन्हा जवळ आलं. आडोशामागं कुणीतरी "अगं बाई गं" म्हणालं. मावशीनं पुन्हा मारलं, या वेळी जोरात, आणि तिच्या तोंडून शब्द फुटले. इतके महिने त्या पाखरापुढं गिळलेले सगळे शब्द. पण बाहेर आले ते असे आले.

"चालती हो! काळतोंडे, कुणाची कोण तू? मी नाही तुझी कुणी! जा, जळो तुझं तोंड, पुन्हा दिसलीस तर तंगड्या मोडून ठेवीन! जा म्हणते ना!"

ती ओरडत होती आणि खोकत होती, खराटा आपटत होती, आणि मागून सगळी वस्ती बाहेर पडली. डबे, ताटल्या, काठ्या. आणि त्यावरून खोकला, म्हाताऱ्यांचा खोल, पोरांचा घरघरता, बायकांचा कोरडा. सुरुवात कुणी मुद्दाम केली असेल, पण नंतर तो कुणाच्या हातात राहिला नाही. थंड हवेनं सगळ्यांची छाती एकदम उसळली. माणसं वाकून, एकमेकांचे खांदे धरून खोकत होती. मोठ्या बाई त्या सगळ्यांमध्ये नुसत्या उभ्या होत्या. त्यांनी असा खोकला एका जागी कधी ऐकला नव्हता.

ढांगीनं एकदा मावशीकडे पाहिलं. मग ती पळाली, पळता पळता उचलली गेली आणि पाण्याच्या लगत उडत थव्यात उतरली. थवा हलला, त्यानं तिला आत घेतलं, पुन्हा मिटला.

कोळ्यानं मावशीच्या हातातला खराटा काढून घेतला. तिची बोटं सोडवावी लागली.

तसं आणखी काही सकाळी करावं लागलं, पण पाखरू पुन्हा जवळ आलं नाही. लांबून खोकला ऐकू आला तरी मान वर करायचं आणि दूर जायचं. पुढं हवा कोरडी झाली आणि थवा गेला. बायकांनी विळे काढले.

हिवाळा सरता सरता केंद्र बंद झालं, बाईंना धास्ती होती तसंच. पण कुलूप लावायच्या आधी त्यांनी कुंपणावरचं पत्र्याचं सगळं छप्पर उतरवून घेतलं आणि कोळ्याचा भाऊ पत्रेकाम करायचा, त्याच्याकडून त्या पत्र्याची धुराडी करवली. देणगीदारांना विचारलं नाही. "त्यांना फोटो पाठवीन," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच पाठवला. उत्तर आलं नाही. पत्रा सगळ्यांना पुरला नाही. पहिलं धुराडं पुढारणीकडे बसलं, कारण तिच्या नातवाची छाती सगळ्यांत वाईट होती. मावशीच्या घरचं बसलं तेव्हा नणंद म्हणाली, "आता धूर गेला. राहिली फक्त तुझी बडबड."

पण मावशीचा खोकला गेला नाही. तो जुना झाला होता, आतमध्ये घर करून बसला होता.

पुढच्या वर्षी करकोचे परत आले. डॉक्टर आता दुसरीकडे नोकरी करत होते, तरी सुट्टी काढून दुर्बीण घेऊन आले. मावशीला घेऊन बोरूच्या आडोशाला बसले. पुष्कळ वेळ त्यांनी थवा चाळला आणि मग दुर्बीण तिच्या हातात दिली.

निळं कडं होतं. पाय आणखी लांब झाले होते. डोक्यावर मोठ्यांसारखा लाल टिळा उमटला होता. चिखलात चोच घालून ती किडा उकरत होती, अगदी लाकडी चोचीनं दाखवला होता तसा, डावीकडून उजवीकडे. मावशी बघत राहिली. बघता बघता तिच्या घशात काटा उठला. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून तोंडात कोंबला, श्वास धरला, डॉक्टरांचा हात दाबला. पण खोकला कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

ठक्‌ ठक्‌.

थव्यातल्या बाकीच्या पाखरांनी नुसती मान वर केली. निळ्या कड्याच्या पाखरानं मात्र क्षणभरही वाट पाहिली नाही. सगळ्यांच्या आधी तेच उडालं, आणि त्याच्या मागून अख्खा थवा. आभाळावर पुन्हा एकदा झाकण बसलं.

घरी आली तेव्हा नणंद दारातच होती. "दिसली?"

"दिसली."

"ओळखलं तिनं?"

मावशीनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ओळखलं, वन्सं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

मग ती चुलीपाशी जाऊन बसली. त्या संध्याकाळी नणंदेनं दोनदा तिला मुद्दाम डिवचून पाहिलं. ती काही बोलली नाही.